खाल्लेले अन्न अंगी कसे लागते

गेल्या दिवाळीनंतर आईचे पित्ताशय काढावे लागले. शस्त्रक्रिया दुर्बिणीतून झाली, दुसऱ्या दिवशी ती घरी आली, आणि येताना तिच्या पर्समध्ये प्लॅस्टिकची एक लहान बाटली होती, जिच्यात पित्ताशयातून निघालेले सतरा खडे होते. मी ती बाटली खिडकीतल्या उजेडात धरून पाहिली. सर्वांत मोठा खडा हरभऱ्याच्या दाण्याएवढा, रंगाने मळकट पिवळा आणि पैलू पाडल्यासारखा सपाट बाजूंचा होता. बराच काळ एकाच लहानशा पिशवीत एकमेकांना चिकटून राहिल्यामुळे त्या खड्यांना असा आकार येतो. आईने मात्र बाटलीकडे फारसे पाहिले नाही. तिने विचारले, "आता तूप खाल्लं तर ते अंगी लागेल का गं?"

डॉक्टरांनी महिनाभर तेलकट-तुपकट बेताने खा, पुढे सगळे चालेल असे सांगितले होते. पण 'चालेल' आणि 'अंगी लागेल' या आईच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी होत्या, आणि तिचे म्हणणे बरोबर होते. मी रसायनशास्त्र शिकलेली असूनही त्या दिवशी मला तिला नीट उत्तर देता आले नाही. पुढचे दोन महिने मी या विषयावर सवडीने वाचत राहिले आणि जे समजले ते रात्रीच्या जेवणानंतर तिला थोडे थोडे सांगत गेले. ते एकत्र लिहून ठेवावे, असे वाटले म्हणून हा लेख.

'अंगी लागणे' हा आपल्या भाषेतला शब्दप्रयोग मला आता फार नेमका वाटतो. तोंडापासून गुदद्वारापर्यंत आपल्या शरीरातून एक सलग नळी जाते आणि तिची दोन्ही टोके बाहेर उघडतात. गिळलेला घास त्या नळीच्या पोकळीत असतो, म्हणजे काटेकोरपणे पाहिले तर तो पोटात जाऊनही शरीराच्या आत गेलेला नसतो. बांगडीच्या मधल्या पोकळीतून बोट घातले तरी ते काचेच्या आत शिरत नाही, तसेच हे आहे. आतड्याची भिंत ओलांडून अन्नाचे कण रक्तात उतरतात तेव्हाच ते आपले होतात, आणि पचन म्हणजे ती भिंत ओलांडता येईल इतके अन्न बारीक करण्याचे काम. अख्खी भाकरी, बेसनातले प्रथिन किंवा लोण्याचा थेंब यांपैकी काहीही त्या भिंतीतून जसेच्या तसे जाऊ शकत नाही.

आमच्या घरी रात्री बहुतेक वेळा ज्वारीची भाकरी आणि पिठले असते, सोबत कांदा आणि असेल तेव्हा लोण्याचा गोळा. याच ताटाचा प्रवास मी आईला सांगितला, कारण त्यात पिष्ट, प्रथिन, स्निग्ध पदार्थ आणि चोथा हे चारही घटक आहेत.

सुरुवात घास तोंडात जाण्याच्याही आधी होते. पिठल्याच्या फोडणीचा वास येताच तोंडाला पाणी सुटते, आणि त्याच वेळी जठरातही आम्ल पाझरू लागते. पाचक रस केवळ अन्नाच्या स्पर्शाने नव्हे, तर त्याच्या चाहुलीनेही सुटतात हे इव्हान पाव्हलॉव्ह यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून दाखवले आणि पचनक्रियेवरील संशोधनासाठीच त्यांना 1904 चे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या तोंडात दिवसाला एक ते दीड लिटर लाळ तयार होते. तिच्यातले अमायलेज हे विकर (एन्झाइम) पिष्टाच्या लांब साखळ्या तोडून त्यांतून माल्टोज नावाची साखर मोकळी करते. याची खात्री कोणालाही घरी करून पाहता येईल. भाकरीचा कोरडा तुकडा कशालाही न लावता तोंडात ठेवून मिनिटभर सावकाश चावत राहिल्यास त्याला हळूहळू गोडसर चव येऊ लागते. आईने हे करून पाहिले, आणि 'प्रत्येक घास बत्तीस वेळा चावावा' असे आजोबा का म्हणत असत ते आपल्याला आज समजले, असे ती म्हणाली.

घास गिळताना पडजीभ आणि टाळूचा मऊ भाग वर उचलला जाऊन नाकाकडची वाट बंद होते आणि श्वासनलिकेच्या तोंडावर झाकण पडते. बोलता बोलता गिळल्याने यात क्षणभर चूक झाली की आपल्याला ठसका लागतो. पुढे सुमारे 25 सेंटिमीटर लांबीच्या अन्ननलिकेतून घास नुसता खाली पडत नाही. तिचे स्नायू घासाच्या मागे आवळत आणि पुढे सैल होत त्याला ढकलत नेतात, म्हणूनच आडवे झोपूनही माणसाला गिळता येते.

जठराविषयी आपल्या मनात असलेली कल्पना मला दुरुस्त करून घ्यावी लागली. सगळे पचन जठरातच होते, असे मी समजत होते. प्रत्यक्षात जठर हे मुख्यतः साठवणीचे आणि घुसळण्याचे ठिकाण आहे. तिथे दररोज सुमारे दोन लिटर जठररस स्रवतो, त्यातल्या हायड्रोक्लोरिक आम्लामुळे बहुतेक जंतू मरतात, प्रथिनांच्या घड्या उलगडतात आणि पेप्सिन हे विकर त्यांचे तुकडे करू लागते. पण जठरातून रक्तात जवळजवळ काहीच शोषले जात नाही. दोन ते चार तास घुसळून पातळ झालेले अन्न ते खालच्या झडपेतून थोडे थोडे पुढे सोडते, आणि जेवणात तेल-तूप जास्त असेल तर अधिकच सावकाश सोडते. पुरणपोळीच्या जेवणानंतर संध्याकाळपर्यंत पोट भरलेले वाटते, त्याचे हे एक कारण आहे.

जठराच्या आत काय चालते, हे माणसाने पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिले त्याची हकिगत आहे तशी सांगितली पाहिजे. 6 जून 1822 रोजी उत्तर अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुण कामगाराला अगदी जवळून बंदुकीची गोळी लागली. विल्यम बोमाँट या लष्करी शल्यचिकित्सकाने त्याच्यावर उपचार केले. तो जगला, पण जखम भरताना जठराला बाहेर उघडणारे एक छिद्र कायमचे राहिले. 1825 पासून बोमाँट यांनी मांस, पाव, कोबी असे पदार्थ रेशमी दोऱ्याला बांधून त्या छिद्रातून आत सोडले आणि ठरावीक वेळाने बाहेर काढून पाहिले. जठररस काढून काचेच्या कुपीत ठेवला आणि शरीराइतकी ऊब दिली तर त्यातही मांस विरघळते, असे त्यांना दिसले. अन्न जठरात नुसते दळले जाते की कुजते, हा जुना वाद त्या कुपीने मिटवला. पचन हे रासायनिक काम आहे हे त्यांनी 1833 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवून दिले. या प्रयोगांचे महत्त्व मी मानते, पण गरिबीमुळे दुसऱ्याच्या हाताखाली राहावे लागलेल्या एका माणसाचे शरीर अनेक वर्षे प्रयोगशाळेसारखे वापरले गेले, याचे मला वाईट वाटते. 1880 मध्ये सेंट मार्टिन मरण पावला तेव्हा कोणी त्याचे जठर काढून नेऊ नये म्हणून घरच्यांनी त्याला मुद्दाम उशिरा आणि खोल पुरले. तो वाद ज्याच्यामुळे मिटला त्याचे नाव निदान आपण घ्यावे, असे मला वाटते.

आता आईच्या पित्ताशयाकडे येते, कारण पचनाचा मुख्य भाग इथूनच सुरू होतो. जठरातून बाहेर पडलेले आंबट, दाट पेजेसारखे मिश्रण लहान आतड्याच्या पहिल्या वीतभर भागात उतरते. तिथे यकृताकडून पित्तरस आणि स्वादुपिंडाकडून स्वादुरस येऊन मिळतो. हे दोन्ही रस नेमके हवे तेव्हाच कसे येतात, हा प्रश्न 1902 साली लंडनमध्ये विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी सोडवला. त्यांनी प्रयोगातल्या कुत्र्याच्या आतड्याच्या एका भागाचे सर्व मज्जातंतू तोडले आणि मग तिथे आम्ल घातले. तरीही स्वादुपिंडातून रस वाहू लागला. निरोप मज्जातंतूंतून गेला नव्हता, तर रक्तातून गेला होता. आतड्याच्या अस्तराने आम्लाच्या स्पर्शाने रक्तात सोडलेल्या त्या द्रव्याला त्यांनी 'सिक्रेटिन' म्हटले, आणि 1905 मध्ये अशा निरोप्या द्रव्यांसाठी स्टार्लिंग यांनी 'हॉर्मोन' हा शब्द वापरला. आज थायरॉइडच्या किंवा मधुमेहाच्या संदर्भात घरोघरी ऐकू येणारा हा शब्द पचनाच्या अभ्यासातून आलेला आहे.

लोण्यासाठी असाच दुसरा निरोप आहे. स्निग्ध पदार्थ आतड्यात उतरले की अस्तरातून कोलेसिस्टोकायनिन हे हॉर्मोन रक्तात जाते आणि त्यामुळे पित्ताशय आकुंचन पावते. यकृत दिवसाला अर्धा ते एक लिटर पित्त बनवते. पित्ताशय ही त्यातले पाणी शोषून त्याला दाट करून ठेवणारी, 30 ते 50 मिलिलिटर मावेल एवढी पिशवी आहे. आईला दोन वर्षे जे दुखणे होते त्याचा उलगडा मला इथे झाला. सणाचे जेवण झाल्यावर तास-दीड तासाने तिच्या उजव्या बरगडीखाली कळ येई, ती मागे उजव्या खांद्यापर्यंत जाई आणि रात्री उशिरा कमी होई. तूप आतड्यात पोहोचत होते, निरोप जात होता, पित्ताशय आवळत होते, आणि एखादा खडा बाहेरच्या अरुंद वाटेत येऊन अडत होता.

पण ती दोन वर्षे आम्ही सगळे त्याला 'पित्त झालंय' असे म्हणत होतो आणि ती पित्ताची गोळी घेत होती. याला एक मोठे कारण आपल्या भाषेतला हा एकच शब्द आहे, असे मला वाटते. मराठीत आपण किमान तीन वेगळ्या गोष्टींना पित्त म्हणतो. जागरण झाले, उपाशी राहिले किंवा तिखट जास्त झाले की छातीत जळजळते आणि घशाशी आंबट येते. ते पित्त म्हणजे जठरातले आम्ल, आणि मेडिकलमध्ये मिळणारी पित्ताची गोळी त्या आम्लावरच काम करते. अंगावर लालसर गांधी उठून खाज सुटते, तेव्हाही आपण 'अंगावर पित्त उठले' म्हणतो आणि आमसुलाचे पाणी लावतो. त्या गांधी त्वचेतल्या पेशींनी सोडलेल्या हिस्टामिनमुळे येतात. (याच हिस्टामिनमुळे जठरात आम्लही वाढते, पण दोन्ही ठिकाणी त्याचे औषध वेगवेगळे असते.) आणि तिसरे, यकृतात तयार होणारे खरे पित्त, जे आम्ल तर नाहीच, उलट किंचित अल्कधर्मी, हिरवट-पिवळे आणि कडू असते. रिकाम्या पोटी पुन्हा पुन्हा उलट्या झाल्या की शेवटी कडू पाणी पडते, ते हे पित्त. आंबट पडले की आम्ल आणि कडू पडले की पित्त, एवढा फरक प्रत्येक घरात माहीत असायला हवा. आयुर्वेदातली पित्ताची कल्पना याहून व्यापक आणि वेगळी आहे, तिच्याविषयी मी इथे बोलत नाही. पण पोटाच्या प्रत्येक दुखण्याला सवयीने पित्त म्हटले की खडे आणि आम्ल यांच्यातला फरक पुसला जातो, आणि सोनोग्राफी लांबत राहते. आमच्याकडे ती लांबली.

शस्त्रक्रियेनंतर आई शेजारच्या काकूंना म्हणाली, "पित्ताची पिशवीच काढली, आता पित्त होणार नाही." म्हणून हे सगळे तिला दोनदा समजावून सांगितले.

पित्ताचे काम समजून घ्यायला स्वयंपाकघराइतकी चांगली जागा नाही. लोणी कढवलेले भांडे नुसत्या पाण्याने धुतले तर तूप पाण्यावर तरंगत राहते, आणि रिठ्याचे पाणी किंवा साबण लावला की त्याचे बारीक थेंब होऊन पाण्यात मिसळतात. पित्तातले क्षार नेमके हेच करतात. लायपेज हे स्वादुपिंडातले विकर स्निग्ध थेंबाच्या फक्त पृष्ठभागावर काम करू शकते, त्यामुळे थेंब जितके बारीक तितके त्याचे काम लवकर होते. पित्त स्वतः लोणी पचवत नाही, ते पचण्याजोगे करून देते. शरीर या क्षारांच्या बाबतीत अतिशय काटकसरी आहे. एका वेळी आपल्याकडे ते जेमतेम तीन-चार ग्रॅम असतात, पण काम झाल्यावर लहान आतड्याच्या शेवटच्या भागात त्यांतले सुमारे 95 टक्के परत शोषले जातात, रक्तातून यकृताकडे येतात आणि पुन्हा पित्तात उतरतात. दिवसातून अनेक वेळा हा फेरा चालतो.

बेसनाच्या प्रथिनांचे काम स्वादुरसातले ट्रिप्सिन पुढे नेते, आणि इथे शरीराने घेतलेली काळजी पाहण्यासारखी आहे. प्रथिने तोडणारे हे विकर स्वादुपिंडालाही तोडू शकले असते, म्हणून ते तिथे निष्क्रिय रूपातच तयार होते आणि आतड्यात पोहोचल्यावर तिथल्या दुसऱ्या एका विकराने त्याला जागे केले की मगच कामाला लागते. हे जागे होणे चुकून स्वादुपिंडाच्या आतच घडले तर काय होते ते स्वादुपिंडाच्या तीव्र दाहात दिसते, आणि पित्ताचे खडे हे त्या आजाराचे एक प्रमुख कारण आहे. त्या सतरांपैकी एखादा खडा खाली सरकून स्वादुरसाच्या वाटेत अडकला असता तर, या विचाराने मला आजही अस्वस्थ वाटते.

आता ती भिंत. लहान आतडे सुमारे सहा मीटर लांब असते. त्याच्या आतल्या बाजूला घड्या असतात, घड्यांवर मखमलीच्या लवेसारखे अर्धा ते एक मिलिमीटर उंचीचे रसांकुर असतात, आणि रसांकुरांवरच्या प्रत्येक पेशीला पुन्हा त्याहून सूक्ष्म केसांसारखे उंचवटे असतात. हे सगळे उलगडून पसरले तर टेनिसचे मैदान भरेल असे अनेक वर्षे लिहिले जात होते. 2014 मध्ये स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी काळजीपूर्वक मोजमाप केले तेव्हा संपूर्ण पचननलिकेचे आतले क्षेत्रफळ सुमारे 32 चौरस मीटर भरले. आमच्या घराच्या दोन खोल्या मिळून साधारण एवढ्याच आहेत. या अस्तराच्या पेशी तीन ते पाच दिवसांत झडतात आणि त्यांच्या जागी नव्या येतात. गेल्या आठवड्यातले जेवण ज्या पेशींनी शोषले, त्यांतली जवळजवळ एकही आज नसते.

भाकरीची साखर आणि पिठल्यातली अमिनो आम्ले या पेशींतून रसांकुरातल्या रक्तवाहिन्यांत उतरतात आणि थेट यकृताकडे जातात. लोण्याची वाट वेगळी असते. त्याचे घटक भिंतीतल्या पेशींत पुन्हा जोडले जाऊन बारीक थेंबांच्या रूपाने लसिकावाहिन्यांत, म्हणजे रक्तवाहिन्यांहून वेगळ्या अशा लिंफच्या नळ्यांत, शिरतात, आणि छातीतून वर चढत डाव्या बाजूला मानेच्या मुळाशी शिरेत मिसळतात. 1622 मध्ये इटलीत गास्पारे आसेली यांनी नुकत्याच खाल्लेल्या कुत्र्याचे पोट उघडले तेव्हा त्यांना आतड्यालगत पांढऱ्या दोऱ्यांसारख्या वाहिन्या दिसल्या, आणि एक कापताच दुधासारखा द्रव बाहेर आला. तो नुकताच अंगी लागलेला स्निग्ध पदार्थ होता.

साखरेच्या वाटेचे एक वैशिष्ट्य असे की ती एकटी आत जात नाही. पेशीच्या त्या दारातून ग्लुकोज आणि मिठातले सोडियम सोबतच आत जातात आणि त्यांच्यामागून पाणी जाते. पटकीत (कॉलऱ्यात) आतडे अक्षरशः पाण्यासारखे वाहू लागते, पण हे दार शाबूत राहते. 1971 मध्ये बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामाच्या काळात सीमेवरच्या बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ आली आणि शिरेतून द्यायच्या सलाइनचा साठा संपत आला, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून ते रुग्णांना तोंडाने पाजायला सुरुवात केली. पाजण्याचे काम नातेवाइकांनीच केले. आधी शंभरातले तीसेक रुग्ण दगावत होते, ते प्रमाण चारच्याही खाली आले. आपल्याकडे अंगणवाडीत मिळणारी जलसंजीवनीची पुडी हीच. ती हाताशी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून, हे प्रमाण प्रत्येकाने पाठ ठेवावे. नुसत्या पाण्याने जे होत नाही, ते त्यातल्या साखरेमुळे होते.

मोठ्या आतड्याविषयी थोडक्यात लिहिते. आपण प्यालेले आणि शरीराने पाचक रसांच्या रूपाने ओतलेले मिळून दिवसाला सुमारे नऊ लिटर पाणी या नळीत येते. त्यातले बहुतेक लहान आतडे आणि उरलेले मोठे आतडे परत घेते, आणि शौचावाटे जेमतेम शंभर ते दोनशे मिलिलिटर बाहेर जाते. ज्वारीचा कोंडा आणि कांद्यातला चोथा आपल्याला पचत नाही, पण त्यातला बराच भाग तिथले जिवाणू आंबवतात आणि त्यातून तयार होणाऱ्या आम्लांवर मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी पोसल्या जातात. पोटात वायू धरतो तोही त्याच आंबण्याचा भाग आहे. आणि जेवण पुढे निघून गेल्यावरही आतडे स्वस्थ बसत नाही. उपाशी पोटी साधारण दीड ते दोन तासांनी जठरापासून लहान आतड्याच्या शेवटापर्यंत आकुंचनाची एक लाट जाते आणि उरलेसुरले झाडून नेते. पोटात कावळे ओरडतात म्हणतो, ते ओरडणे बहुधा या झाडलोटीचे असते.

आईच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येते. पित्ताशय गेले तरी पित्त बनवणारे यकृत जागेवर आहे, आणि पित्त आता साठून एकदम येण्याऐवजी थोडे थोडे सतत आतड्यात झिरपत राहते. एकाच जेवणात भरपूर तूप आले तर त्यासाठी दाट पित्ताचा साठा तयार नसतो, म्हणून सुरुवातीला काहींना जुलाब किंवा जडपणा जाणवतो; तेच तूप थोडे थोडे विभागून घेतले तर ते पूर्वीसारखेच पचते, शोषले जाते आणि अंगी लागते. संक्रांतीला तिने अर्धी गूळपोळी चमचाभर तुपाशी खाल्ली. मी दुपारभर घड्याळाकडे पाहत होते. तास गेला, दीड तास गेला, आणि चार वाजता तिने स्वतःच स्वयंपाकघरात जाऊन उरलेली अर्धी तव्यावर गरम करायला ठेवली.